सशाची वहिवाट

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या तत्कालीन सरकारी खात्याने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि आज ना. म. जोशी मार्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डिलाईल रोडवर कामगारवर्गासाठी ज्या चाळी बांधल्या, त्यांतील एका बिऱ्हाडाच्या वाट्याला आलेली खोली १६० चौरस फुटांची. आणि पाळीव सशांच्या कल्याणासाठी झटणारी इंग्लंडमधील रॅबिट वेल्फेअर असोसिएशन ही संस्था दोन सशांच्या निवासाला जी किमान जागा आवश्यक मानते, ती ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने सुमारे ६५ चौरस फुटांची. चार-पाच माणसांच्या कुटुंबाने, ज्यात एक म्हातारे माणूस आणि एक परीक्षेला बसलेले मूल असायचेच, आपल्या खोलीचा दोन-पंचमांश हिस्सा दोन सशांच्या नावे करून द्यावा, असा या दोन आकड्यांचा सरळ अर्थ होतो. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने आधी २२५, मग २६९ आणि अलीकडे ३०० चौरस फुटांची घरे दिली. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात ती ५०० चौरस फुटांची झाली आणि तेथे हा हिस्सा आठव्यावर आला. तथापि त्या ५०० फुटांवरही माणसांचे किती दावे आधीपासून दाखल असतात, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

हिशेब एवढ्यावरच तोडावयाचा, तर लहान घरात ससा आणूच नये असा निवाडा देऊन मोकळे होता येईल, आणि ज्यांनी अद्याप ससा आणलेला नाही अशा पुष्कळांना मी तोच सल्ला देईन. परंतु मुंबई, ठाणे, डोंबिवली आणि पुणे येथील कित्येक लहान घरांत ससा आधीच येऊन राहिलेला आहे. वार्षिक परीक्षा संपली, मुलांनी हट्ट धरला, आणि पक्षी-प्राण्यांच्या बाजारातून भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून त्याला घरी आणले गेले. त्याच्याबरोबर दोन फूट लांब व दीड फूट रुंद असा तारेचा पिंजराही आला, आणि ‘हा एवढासाच राहतो, याला एवढी जागा पुष्कळ’ हे विक्रेत्याचे आश्वासनही आले. मुठीत मावणारे ते पिल्लू सहा महिन्यांत दोन किलोंचे होते. मग तो पिंजरा, ज्यात त्याला पाय ताणून धड आडवेही होता येत नाही, ओट्याखाली सरकवला जातो, आणि आठ ते बारा वर्षांचे आयुष्य लाभलेला एक धावणारा प्राणी तीन चौरस फुटांत बसून राहतो. अशा घरांतील माणसे निर्दय नसतात. त्यांना कोणी काही सांगितलेले नसते, इतकेच. म्हणून हा लेख त्यांच्यासाठी.

पिंजऱ्यात ससा ठेवण्याची ही रीत सशाच्या स्वभावातून निघालेली नाही. रोमन लोक भिंतींनी वेढलेल्या मोकळ्या रानात ससे बाळगीत, आणि व्हारो या ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील ग्रंथकाराने आपल्या शेतीविषयक ग्रंथात अशा आवारांचा परामर्श घेतलेला आहे. लाकडी खुराड्याचा प्रघात पडला तो पुष्कळ नंतर, एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात, परसदारी मांसासाठी ससे वाढवणाऱ्या गरीब कुटुंबांत. तेथे काही महिन्यांत कापावयाच्या जनावराला चालण्या-फिरण्याची जागा हवी कशाला, असा व्यवहार होता. ज्याला कापावयाचे नाही, किंबहुना ज्याला घरातील एक जीव म्हणून सांभाळावयाचे आहे, त्याच्यासाठी आपण तेच माप पुढे चालवले, ही या सगळ्या दुःखाची मुळातली चूक आहे.

आपल्या माळरानावर आणि उसाच्या बांधावर जो ससा उड्या मारीत नाहीसा होताना दिसतो, त्याचा या पाळीव सशाशी संबंध दूरचा आहे. रानातला तो ससा बीळ करीत नाही. गवतात अंगापुरती जागा दाबून तेथेच उघड्यावर पडून राहतो, आणि त्याची पिले अंगावर लव व उघडे डोळे घेऊन जन्माला येतात. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२च्या कायद्याने त्याला आश्रय दिलेला असून त्याला पकडून घरी ठेवणे हा गुन्हा आहे. पाळीव ससा हा स्पेन-पोर्तुगालच्या भूमीतील बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. त्याची पिले उघडी, आंधळी अशी बिळाच्या काळोखात जन्मतात. दिवसाचा मोठा भाग तो अरुंद बोगद्यात स्वस्थ पडून काढतो, आणि पहाटे व दिवेलागणीला मात्र बाहेर येऊन चरतो, धावतो, मागच्या दोन पायांवर उभा राहून चहूकडे पाहतो. लहान घरात सशाला जागा शोधणाऱ्याने हा भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण सबंध प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. अरुंद, बुटकी, अंधारी जागा या प्राण्याला जाचत नाही. ती त्याला हवीच असते. त्याला जाचते ते त्या जागेचे दार सकाळ-संध्याकाळ बंद असणे.

आणि एकच जागा वेळेच्या हिशेबाने अनेकांनी वापरण्याची विद्या मुंबईला कोणी शिकवावयास नको. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एकेका गाळ्यात दहा-पंधरा जण राहत. रात्रपाळीचा माणूस सकाळी परतून ज्या पथारीवर अंग टाकी, ती दिवसपाळीच्या माणसाने नुकतीच सोडलेली असे. ट्रंक ठेवण्याची जागा, खुंटी, पथारीची वेळ या सर्वांची वहिवाट ठरलेली होती. तिचा दस्तऐवज कोठेही नव्हता, आणि तरीही ती मोडण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. सशाला १६० फुटांतील ६५ फूट कायमचे तोडून देणे अशक्य आहे हे मान्य. परंतु सकाळचे दोन-अडीच तास आणि संध्याकाळचे तितकेच तास जमिनीचा तेवढा तुकडा त्याच्या वहिवाटीत देणे, ही अशक्य कोटीतील गोष्ट नाही.

लालबागमधील एका जुन्या चाळीत, जिच्या मजल्यांची तख्तपोशी अद्याप लाकडी आहे, मी ही व्यवस्था प्रत्यक्ष पाहिली. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब खोली. आजी, नवरा-बायको आणि चौथीत शिकणारी मुलगी. आणि कापूस व भुरी नावाचे दोन ससे, एक नर, एक मादी, दोघांचीही नसबंदी झालेली. खोलीत एक लोखंडी खाट आहे, सहा फूट लांब व चार फूट रुंद, आणि सामान ठेवता यावे म्हणून पूर्वीपासूनच ती चार विटांवर चढवलेली. खाटेखाली दोन ट्रंका, पितळी भांड्यांचे गाठोडे आणि पाहुण्यांच्या गाद्या होत्या. ते सारे सामान माळ्यावर गेले, ज्याला जागा झाली नाही ते काढून टाकले गेले, आणि खाटेखालचे चोवीस चौरस फूट सशांचे झाले. खाटेवरून जुन्या लुगड्याचा पडदा एका बाजूने सोडलेला आहे. आत एका कोपऱ्यात प्लॅस्टिकची पसरट परात, तिच्यात वर्तमानपत्राचा जाड थर व त्यावर गवत. ससा चरता चरता लेंड्या टाकतो, त्यामुळे गवत आणि परात एकत्र ठेवली की तो थोड्याच दिवसांत तेथे जाण्याची सवय लावून घेतो. परात रोज सकाळी मोरीत धुतली जाते, कारण सशाच्या लघवीचा दर्प एका दिवसावर गेला की खोलीत माणसांना बसवत नाही. एकदा ती लघवी तांबूस दिसली आणि घर हवालदिल झाले; डॉक्टरांनी तपासून ते पाल्यातील रंगद्रव्य असल्याचा निर्वाळा दिला.

खाटेखाली ससा लपू शकतो, पसरू शकतो, परंतु मागच्या पायांवर उभा राहू शकत नाही, आणि सलग तीन-चार उड्याही मारू शकत नाही. त्यासाठी घडीचे जाळीचे कुंपण आहे, पावसाळी छत्रीसारखे दारामागे उभे राहणारे. पहाटे पाच वाजता नळाला पाणी येते. पिंप, कळशा, बादल्या भरण्यासाठी आजी उठतात, गाद्या गुंडाळल्या जातात, मोकळ्या झालेल्या जमिनीवर सतरंजी पडते आणि कुंपण उलगडते. त्या वेळी मी तेथे होतो. भुरी आधी पडद्याबाहेर आली, खाटेच्या पायाला, मग माझ्या पिशवीच्या बंदाला तिने हनुवटी घासली. हनुवटीखालच्या ग्रंथीचा गंध, जो माणसाच्या नाकाला लागत नाही, अशा रीतीने लावून ससा आपल्या हद्दीची नोंद करीत असतो. कापूस मात्र थेट धावला. दोन फेऱ्यांनंतर त्याने हवेत उडी घेतली आणि त्या उडीतच अंगाला असा पीळ दिला, की डोके एका दिशेला आणि मागचे पाय दुसऱ्या दिशेला गेले. निरोगी, निर्भय सशाच्या आनंदाची ही खूण आहे, आणि दोन बाय दीडच्या पिंजऱ्यात राहणाऱ्या सशाकडून ती आयुष्यात एकदाही होऊ शकत नाही. ज्यांनी आपल्या घरी ससा असूनही ही उडी पाहिलेली नाही, त्यांनी ती पाहावी असे मला मनापासून वाटते.

‘‘अहो, नळाला पाणी यायच्या आधी ही दोघं उठून बसलेली असतात,’’ आजी म्हणाल्या. ‘‘दुपारी मी आडवी होते, तर हीही आडवी. संध्याकाळी मी दिवा लावते, की लगेच बाहेर. या घरात माझ्या वेळेला उठणारं एवढंच कोणीतरी आहे.’’

साडेसातला कुंपण मिटते, मुलीचे दप्तर आणि वडिलांचा डबा भरला जातो, आणि दिवसभर जमीन माणसांची असते. संध्याकाळी साडेसहाला ती पुन्हा सशांकडे जाते, आणि रात्री गाद्या पडल्या की परत माणसांकडे. ही व्यवस्था बसायला काही महिने लागले. खालच्या बिऱ्हाडाची तक्रार आली होती; धोक्याची चाहूल लागली की ससा मागचा पाय जमिनीवर आपटतो, आणि लाकडी तख्तपोशीतून मध्यरात्री तो आवाज खाली मोठा ऐकू जातो. खाटेखाली जुनी गोधडी दुहेरी अंथरल्यावर ती तक्रार मिटली. फ्रिजची वायर भुरीने एकदा कुरतडली. तेव्हापासून जमिनीलगतच्या सगळ्या वायरी पाण्याच्या नळीला उभा छेद देऊन तिच्यात बसवलेल्या आहेत. सशाचे दात जन्मभर वाढत असतात, तेव्हा कुरतडणे हा त्याचा खोडसाळपणा नसून देहधर्म आहे, आणि घराने तो गृहीत धरूनच आपला बंदोबस्त केला पाहिजे.

घर थोडे मोठे असले, की सशासाठी पहिली नजर जाते ती गॅलरीकडे, आणि बहुतेक वेळा हीच निवड चुकते. सशाला घाम येत नाही; शरीरातील उष्णता तो मुख्यतः कानांच्या वाटे बाहेर टाकतो, आणि पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास होऊ लागतो. पश्चिमेकडील गॅलरीत एप्रिल-मेची दुपार त्याच्या जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात तेथे झड येते, ओल्या अंगावर माश्या अंडी घालतात, आणि कावळा व मांजर यांचे भय बाराही महिने. कुंड्यांतील मनीप्लँट आणि शोभेचे अळू ही त्याच्या पोटाला घातक. डोंबिवलीच्या एका तरुण जोडप्याने गॅलरीतील खुराडे काढून ससा स्वयंपाकघरातील टेबलाखाली आणला, जेथे जुनी शहाबादी फरशी उन्हाळ्यातही गार असते. एवढ्या एका बदलाने त्याचे खाणे पूर्ववत झाले, असे त्यांनी सांगितले.

फरशीचाही वेगळा विचार करावा लागतो. कुत्र्या-मांजरांच्या तळपायाला गादी असते, सशाला ती नसते; तेथे फक्त दाट केस असतात. तारेच्या जाळीवर उभे राहून ते केस झडतात, कातडी सोलवटते आणि जखमा चिघळतात. आणि नव्या इमारतींतील गुळगुळीत, चकचकीत टाइल्सवर तो घसरतो, घाबरतो, आणि अखेरीस एका कोपऱ्यात बसून राहतो. सशाचा सांगाडा शरीराच्या मानाने फार हलका असतो, आणि मागच्या पायांचे स्नायू फार बलवान. दचकून जोरात लाथ झाडताना त्याने स्वतःचाच कणा मोडून घेतल्याची उदाहरणे पशुवैद्यांना परिचित आहेत. जागा मोठी असून जमीन निसरडी असली, तर ती जागा त्याच्या उपयोगाची नाही.

जागेच्या हिशेबात आणखी एक भर आहे, जी आधी कोणाच्याच ध्यानात येत नाही, आणि ती म्हणजे गवताची. सशाच्या आहाराचा सुमारे चार-पंचमांश भाग सुके गवत असावा लागतो. गाजर हा त्याचा खाऊ आहे, जेवण नव्हे, आणि पोळी, भात, बिस्कीट ही तर त्याला देऊच नयेत. गवत पोटात सतत गेले नाही, तर आतड्याची चाल मंदावते, आणि बारा तास तोंडात काही न घेतलेला ससा हा तातडीने डॉक्टरांकडे न्यावयाचा रुग्ण असतो. बाजारात परदेशी टिमोथी गवताची पाकिटे मिळतात, पण ती महाग; देवळाबाहेर गाईला घालण्यासाठी मिळणारी पेंढी स्वस्त, पण ओली आणि रस्त्यावरची. लालबागचे कुटुंब गावाकडून येणाऱ्या माणसाबरोबर दसऱ्यानंतर कापलेले सुके गवत गोणीत भरून आणवते. ती गोणी खुंटीला, जमिनीपासून वर, दोरीने टांगलेली आहे, कारण मुंबईच्या दमट हवेत जमिनीवरील गवताला आठवड्यात बुरशी धरते. लसूणघास मात्र कोवळ्या पिलांपुरती. वाढलेल्या सशाला तिच्यातील चुना जास्त होतो. त्याशिवाय भाजीवाली मुळ्याचा आणि गाजराचा पाला जो एरवी फेकून देते, तो या घरासाठी बाजूला काढून ठेवते.

दोन ससे का, असा प्रश्न जागेची अडचण सांगणाऱ्याने विचारावा हे साहजिक आहे. बिळात कळपाने राहणारा हा प्राणी एकटा राहिला की खंगतो. दिवसभर घर रिकामे असणाऱ्या नोकरदार जोडप्याकडे तर फारच. दोघांना लागणारी जागा एकट्याच्या दुप्पट नसते, कारण ते अंगाला अंग लावूनच पडून राहतात. मात्र नर-मादी आणून नसबंदीकडे दुर्लक्ष केले, तर सुमारे एकतीस दिवसांत पिले होतात, आणि पिले झाल्यावर मादी एका दिवसात पुन्हा गाभण राहू शकते. मग कोणत्याही घराची जागा पुरणार नाही. नसबंदी न झालेल्या मादीला वाढत्या वयात गर्भाशयाच्या कर्करोगाचाही मोठा धोका असतो. सशाला भूल देणे नाजूक काम आहे आणि ते सगळेच डॉक्टर करीत नाहीत. तेव्हा सशाचा अनुभव असलेला पशुवैद्य कोठे आहे, याचा तपास ससा आणण्याच्या आधी करावा, नंतर नव्हे. परळला १८८४ साली बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय सुरू झाले त्या काळी या शहराला मुख्यतः ट्रामचे आणि व्हिक्टोरियाचे घोडे, बैल आणि गाई यांची चिंता होती. आजच्या शहरातले प्राणी घरात आलेले आहेत, आणि त्यांच्या वैद्यांची संख्या त्या मानाने वाढलेली नाही.

कायद्याने या प्रश्नाची दखल पूर्वीच घेतलेली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या अधिनियमाच्या अकराव्या कलमात, ज्याची उंची, लांबी व रुंदी प्राण्याला वाजवी हालचाल करू देत नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा अपराध ठरवलेला आहे. पहिल्या अपराधाचा दंड दहा ते पन्नास रुपये. ही रक्कम कित्येक दशके तशीच राहिली आहे, आणि ती बदलली पाहिजे. हाउसिंग सोसायट्यांनी बहुमताच्या जोरावर पाळीव प्राण्यांना सरसकट बंदी घालू नये, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५मध्ये कळवलेले आहे. पण वाटिकेत सोडलेल्या, जिन्यात लेंड्या टाकणाऱ्या सशाचे समर्थन त्या पत्राने होत नाही. सोसायटीत अर्ज करावा, डॉक्टरांचा दाखला जोडावा आणि शेजाऱ्यांना एकदा घरी बोलावून ससा दाखवावा. बोलण्याने मिटणारी गोष्ट दप्तरात जाऊ देऊ नये.

आणि ज्यांच्याकडून हे काहीच होण्यासारखे नाही, त्यांनी सशाला बागेत किंवा टेकडीवर ‘मोकळे’ सोडू नये. पांढराशुभ्र, माणसाळलेला तो जीव कुत्र्यांपासून लपणार कोठे? प्राणिकल्याण संस्थांकडे, अथवा ज्यांच्याकडे ससे नीट नांदत आहेत अशा घराकडे त्याला द्यावे. आज चौथीत असलेल्या मुलीसाठी आणलेला ससा ती बारावीच्या परीक्षेला बसेल तेव्हाही घरात असणार आहे, हा हिशेब आईबापांनी पिल्लाच्या किमतीबरोबरच करावा.

लालबागच्या त्या कुटुंबाला गणपतीत पाच दिवस कणकवलीजवळच्या गावी जावे लागते. पहिल्या वर्षी ससे टोपलीत घालून बरोबर न्यावयाचे ठरत होते; गाडीच्या गर्दीत आणि उकाड्यात ते टिकणार नाहीत असे डॉक्टरांनी बजावल्यावर तो बेत रद्द झाला. शेजारच्या काकूंनी आपल्या खोलीत ठेवण्याची तयारी दाखवली, परंतु आपल्या गंधाची हद्द सोडून परक्या खोलीत गेले की ससे खाणे टाकतात, म्हणून ससे जागच्या जागी राहिले आणि किल्ली काकूंकडे गेली. दारामागे एका कागदावर मुलीने सगळे लिहून ठेवले आहे: गवत किती, पाला कोणता, कुंपण किती वाजता उघडायचे, डॉक्टरांचा फोन. मी काकूंना विचारले, की पाच दिवस दोन वेळा येऊन बसणे जड जात नाही का?

‘‘त्यांचं पिंप तर मीच भरते की पाच दिवस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पहाटे नळावर उभीच असते. त्यातलं वाडगाभर या दोघांना ओतायचं आणि तेवढ्यात यांना जरा फिरू द्यायचं. कुंपण मिटवून होईस्तोवर माझी बादली भरलेली असते.’’